स्थलांतरित कामगाराची जबाबदारी नेमकी कुणाची?

बीड जिल्ह्यातल्या धारूर किंवा वडवणी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून दसरा उलटल्यावर दोन जोडपी ऊसतोडीला निघाली, असे समजू. एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर जाते, दुसरे त्याला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, दोघांनी एकाच मुकादमाकडून घेतलेली असू शकते. कोयता तोच, पाचटाची कोपी तशीच आणि पहाटे फडात उतरण्याची वेळही तीच. पण कायद्याच्या नजरेत या दोघांमध्ये मोठा फरक आहे. बेळगावला गेलेले जोडपे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या तरतुदींखाली येऊ शकते आणि प्रवासखर्च, वैद्यकीय तपासणी यांवर त्याचा निदान कागदोपत्री हक्क निर्माण होतो. कोल्हापूरला गेलेले जोडपे मात्र त्या तरतुदींपुरते स्थलांतरित ठरतच नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ही मेख होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ती कायम आहे.

ही मसुदा लिहिणाऱ्याची नजरचूक नाही. स्थलांतराकडे पाहण्याची आपल्या शासनव्यवस्थेची जी सवय आहे, तिचा हा सरळ परिणाम आहे. सरकारला सीमा दिसते, सीमा ओलांडणारा माणूस दिसतो आणि म्हणून त्याला थांबवण्याची किंवा त्याची नोंद करण्याची यंत्रणा उभी राहते. ज्या ठिकाणी तो राबतो आणि ज्या हातांतून त्याच्या मजुरीचा पैसा फिरतो, तिथे मात्र यंत्रणा क्वचितच उभी राहते. स्थलांतर व्यवस्थापनाच्या संस्था कामाच्या ठिकाणी आणि पैशाच्या वाटेवर उभ्या कराव्या लागतील, एरवी त्या कागदावरच राहतील, असे माझे म्हणणे आहे. आणि यासाठी महाराष्ट्राला दूरदेशीचे दाखले शोधण्याची गरज नाही, कारण अशी एक संस्था याच राज्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी उभी केली आहे.

आधी सवयीबद्दल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतील ८१ वी नोंद आंतरराज्य स्थलांतराची आहे, आणि त्याच नोंदीत त्याच्या शेजारी आंतरराज्य विलगीकरण, म्हणजे साथीच्या काळातील क्वारंटाइन, बसलेले आहे. माणसांचे जाणे-येणे आणि रोगाचा प्रसार हे विषय एकाच ओळीत यावेत, यामागे मुंबई इलाख्याचा जुना अनुभवही डोकावतो. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरण्या आणि गोदी ज्यांच्या बळावर चालत होत्या, ते कोकणातले आणि घाटावरचे मजूर कुठे राहतात, हा प्रश्न सरकारला पडला तो शहर रिकामे होऊ लागल्यावर. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीत जो कायदा वापरला तो हाच, १८९७ चा.

२०२० मध्ये जे घडले त्याचे वर्णन पुन्हा करण्याची गरज नाही. ते सगळ्यांनी पाहिले आहे. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाड इथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले होते. त्यांना घेऊन जाणारी व्यवस्था कागदावर होती. देशभर श्रमिक विशेष गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, परंतु त्यासाठी नोंदणी हवी होती, परवानगी हवी होती, आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकता येईल असा कुणीही या मजुरांच्या बाजूला उभा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की एक कोटीहून अधिक स्थलांतरित आपापल्या राज्यांत परतले. परतताना किती जण दगावले याची नोंद मात्र ठेवलेली नाही. १९७९ चा कायदा नीट राबवला गेला असता तर प्रत्येक कंत्राटदाराकडे आणि प्रत्येक मुख्य मालकाकडे कामगारांची नोंदवही असती. चाळीस वर्षे कायदा अस्तित्वात होता आणि संकटाच्या दिवशी त्यातून एक उपयोगी यादीही निघाली नाही.

हा कायदा मुळात चांगल्या हेतूने झाला होता. ओडिशातून ‘दादन’ पद्धतीने मजूर बाहेर नेले जात. सरदार किंवा खातादार म्हणवणारे मध्यस्थ आगाऊ रक्कम देऊन त्यांना दूरच्या बांधकामांवर पोहोचवत, आणि तिथे कामाच्या तासांना धरबंध नसे, ठरलेली मजुरी हातात पडत नसे. या प्रकाराची चौकशी झाली, समिती नेमली गेली आणि १९७९ मध्ये कायदा आला. कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, अर्ध्या महिन्याची मजुरी किंवा ७५ रुपये यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती विस्थापन भत्ता म्हणून द्यावी, प्रवासखर्च द्यावा आणि राहण्याची सोय करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. फसला तो मांडणीत. सगळ्या कर्तव्यांची पहिली पायरी ज्याच्यावर ठेवली, त्या कंत्राटदाराचा फायदाच नोंदणी न करण्यात होता. नोंदणी केली की भत्ते द्यावे लागणार, आणि न केल्यास त्याला कोण विचारणार? ज्या राज्यातून माणूस निघाला तिथल्या कामगार खात्याला तो कुठे गेला ते माहीत नसते, आणि जिथे पोहोचला तिथल्या खात्याला तो आपला वाटत नाही. शिवाय पाचपेक्षा कमी मजूर असतील किंवा मजूर स्वतःहून आला असेल तर कायदा लागूच नव्हता.

नव्या संहितेने स्वतःहून आलेल्या मजुराला व्याख्येत घेतले, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. पण त्याच हाताने किमान संख्या पाचावरून दहावर नेली, मासिक वेतनाला १८ हजारांची मर्यादा घातली आणि विस्थापन भत्त्याला निरोप दिला.

गंमत अशी की देशाबाहेर जाणाऱ्या मजुरासाठी आपल्याकडे यंत्रणा आहे. ती एकोणिसाव्या शतकातील गिरमिटिया, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या, मजुरांच्या व्यवहारातून जन्मली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेले मराठी लोकही त्याच व्यवहाराचा भाग होते. आज १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली भरती करणाऱ्या दलालाला परवाना घ्यावा लागतो, दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते, दहा लाखांचा विमा असतो आणि तक्रार करायला उत्प्रवासी संरक्षक नावाचा अधिकारी असतो. या यंत्रणेत त्रुटी भरपूर आहेत आणि दलाल तिला वळसा घालतात, हेही खरे. तरीही मस्कतला जाणाऱ्या गवंड्याबाबत भारत सरकार जे विचारते, त्यातले काहीच माजलगावहून शिरोळला जाणाऱ्या तोडणी कामगाराबाबत कुणी विचारत नाही.

स्थलांतराकडे पाहण्याची दुसरी सरकारी पद्धत म्हणजे ते थांबवणे. महाराष्ट्राने यात देशाला वाट दाखवली, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बरोबरही आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. तिच्यासाठी पैसा उभारण्यात नोकरदारांकडून घेतलेल्या व्यवसाय कराचा मोठा वाटा होता. म्हणजे गावाकडच्या माणसाला गावातच काम मिळावे म्हणून मुंबई-पुण्याच्या पगारदाराने दरमहा थोडे पैसे दिले. दुष्काळात या योजनेने माणसे जगवली, स्त्रियांच्या हातात मजुरी दिली, पाझर तलाव आणि रस्ते दिले. पण तिने मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर थांबवले नाही. याचे कारण साधे आहे. सहा महिन्यांच्या हंगामात जोडप्याला जी एकरकमी उचल मिळते, तिच्यातून लग्न होते, विहिरीचे काम निघते, सावकार भागतो. हमी योजनेची आठवड्याने किंवा महिन्याने मिळणारी मजुरी ते काम करू शकत नाही. जगण्यासाठी लागणारी मजुरी आणि संसाराच्या मोठ्या गरजेला लागणारी ठोक रक्कम या वेगवेगळ्या मागण्या आहेत. ‘स्थलांतर रोखणे’ हे वाक्य प्रत्येक योजनेच्या प्रस्तावनेत येते. परंतु ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे स्वतःचे घरही बहुधा दोन पिढ्यांपूर्वी कुठून तरी आलेले असते. घटनेच्या कलम १९ ने देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क दिलेला आहे. माणूस नाइलाजाने जाऊ नये यासाठी सरकारने झटावे, पण तो गेलाच तर त्याची परवड का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर हमी योजनेत नाही.

तिसरी पद्धत नोंदणीची, आणि सध्या तिचाच जोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात २९ जून २०२१ रोजी निकाल दिला, त्यानंतर ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद त्यावर झाली. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे सरकारच्या दफ्तरी येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र या नोंदीत कामगार आहे आणि त्याचा मालक नाही. मजुराने स्वतःचे नाव, आधार, बँक खाते, व्यवसाय सांगितला. त्याला कामावर कोण ठेवतो, त्याची मजुरी कोण देतो आणि ती बुडवली तर कुणाला धरायचे, हे त्या कार्डावरून कळत नाही. बांधकाम कामगारांच्या मंडळाचीही हीच अडचण आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर लावला आणि पैसा जमला. परंतु लाभ मिळवण्यासाठी मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र आणायचे असते. नाक्यावर उभा राहून आज एका, उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणारा बिगारी ते प्रमाणपत्र कुणाकडून आणणार? मग ते मिळवून देणारे एजंट तयार होतात, त्यांचा दर ठरतो आणि खऱ्या बिगाऱ्याच्या आधी भलताच माणूस मंडळाच्या साहित्यसंचाची पेटी घेऊन घरी जातो.

या सगळ्यात एक योजना वेगळी निघाली, आणि तिचा विचार गांभीर्याने केला पाहिजे, कारण तिने कामगाराला ‘तू स्थलांतरित आहेस हे सिद्ध कर’ असे सांगितले नाही. केंद्राच्या घरबांधणी खात्याने नेमलेल्या स्थलांतरविषयक कार्यगटाने २०१७ च्या अहवालात हक्क माणसाबरोबर फिरले पाहिजेत असे सांगितले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगणा या दोन जोड्यांपासून ‘एक देश, एक रेशन कार्ड’ सुरू झाले आणि पुढे ते देशभर पोहोचले. आता बीडच्या कार्डावर कोल्हापुरातल्या दुकानातून धान्य घेता येते, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्याच कार्डावरचा त्यांचा वाटा गावी उचलता येतो. फड दुकानापासून दूर असतो, दुकानदार जादा साठा नसल्याचे सांगतो, राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण त्या अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत. मांडणी बरोबर आहे. हक्क पत्त्याला चिकटलेला नाही.

धान्याच्या बाबतीत हक्क फिरता करणे तुलनेने सोपे होते, कारण देणारे सरकारच आहे. मजुरी, निवारा, अपघात, बाळंतपण यांबाबत देणारा मालक असतो आणि त्याला बांधून घेणारी संस्था लागते. इथे माथाडी मंडळांकडे वळावे लागते.

मुंबईच्या मशीद बंदर, दाणाबंदर भागात पाठीवर पोती वाहणारे हमाल मुख्यतः सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी तालुक्यांतून आलेले होते. तेही स्थलांतरितच, आणि तेही टोळी-मुकादमाच्या साखळीत अडकलेले. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. कायमचा मालक कुणीच नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, बोनस नाही, रजा नाही. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. मालक आणि मजूर यांच्यामधली जागा या कायद्याने रिकामी ठेवली नाही. तिथे मालक आणि कामगार यांचे समान संख्येने आणि त्यांच्याबरोबर सरकारचेही प्रतिनिधी असलेले मंडळ बसवले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करायची, टोळीनेही करायची. मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्क्यांची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि मंडळाने ती मजुराला द्यायची. लेव्हीतून निधी, बोनस, रजा, उपचार यांची तरतूद करायची. हमालाने आज किती मालकांची पोती उचलली याला मग महत्त्व उरत नाही, कारण त्याच्या सगळ्या मालकांचा पैसा एकाच ठिकाणी येतो. कोपरखैरणे-घणसोलीत उभ्या राहिलेल्या माथाडी वसाहती आणि माथाडी रुग्णालय हे या एका मांडणीतून आलेले आहे. तुझे गाव कोणते, तू कोणत्या जिल्ह्यातला, हे त्या कायद्याने विचारले नाही. त्याने फक्त ओझे कुणाचे आहे ते विचारले.

माथाडी मंडळांचे सगळे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. बनावट टोळ्या, न केलेल्या कामाची मागितलेली मजुरी, उद्योजकांकडून उकळलेली खंडणी, वर्षानुवर्षे न भरलेल्या मंडळांच्या जागा हे सगळे झालेले आहे, आणि संघटनेच्या राजकारणाने त्यात भर घातली आहे. परंतु खंडणी घेण्यासाठीही माथाडी म्हणवून घ्यावेसे वाटते, यावरून त्या नावामागे काही खरे हक्क आहेत हे दिसते. १९७९ च्या कायद्याखालचा स्थलांतरित मजूर असल्याचे सोंग कुणी कधी आणले नाही.

आता ऊसतोडीकडे पाहू. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला उचल देतो, मुकादम ती टोळीत वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल नवऱ्याच्या नावावर, मजुरी टनावर. बाई तितकाच ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते आणि वर स्वयंपाक करते, पण तिच्या नावाने स्वतंत्र हिशेब नसतो. एक दिवस आजारी पडले तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि खासगी दवाखाना पिशवी काढून टाकण्याचा सल्ला द्यायला तयार. या सगळ्याचा मिळून तो आकडा बनतो. हंगाम संपला, पट्टा पडला, तरी उचल फिटली नसेल तर ती पुढच्या वर्षावर चढते आणि पुढच्या दसऱ्याला कुठे जायचे हे आधीच ठरून जाते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या चौकटीत हा व्यवहार कुठे बसतो, हा प्रश्न विचारायला कुठलेच सरकार तयार नसते, कारण त्याच्या उत्तरात राज्यातल्या बहुतेक सर्वपक्षीय नेत्यांचे कारखाने येतात.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले. गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्याने, असे ठरले. संत भगवानबाबा योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, जेणेकरून मुलांना आईबापांबरोबर फडात जावे लागू नये. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. टनामागे वर्गणी ही कल्पना माथाडीच्या लेव्हीच्या जातकुळीतलीच आहे आणि ती योग्य आहे. पण माथाडी मंडळातला अर्धाच भाग उचलला गेला. महामंडळ वर्गणी घेते. मजुरी त्याच्यामार्फत जात नाही. कामगाराची ओळख पटवण्याचे काम गावच्या ग्रामसेवकावर सोपवले आहे, म्हणजे नोंद पुन्हा मजूर जिथून निघतो त्या गावी आणि त्याच्याच खटपटीवर. कारखान्याला आपल्या उसाला किती आणि कोणती माणसे लागली, हे सांगण्याची सक्ती नाही. आणि त्यामुळे राज्यात ऊसतोड कामगार किती, याचे उत्तर आजही आठ ते दहा लाख असे अंदाजानेच द्यावे लागते.

हा अंदाज विचित्र वाटतो, कारण साखर उद्योगाइतकी मोजदाद क्वचितच कुठे होते. कुठल्या गटातला ऊस, कोणत्या शेतकऱ्याचा, कोणत्या तारखेला तोडला, कोणत्या गाडीतून आला, काट्यावर किती भरला, उतारा किती पडला, हे सगळे चिठ्ठीवर असते, कारण त्यावर शेतकऱ्याची रक्कम आणि ठेकेदाराचे बिल अवलंबून असते. त्याच चिठ्ठीवर टोळीचा क्रमांक असतो. टोळीत कोण आहे, ही एकच माहिती कारखान्याला नको असते, कारण ती लिहिली की तो मालक ठरतो.

कारखान्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. साखरेचे दर, निर्यातीवरची बंधने, थकलेली कर्जे यांत अनेक सहकारी कारखाने खरोखर मेटाकुटीला आलेले आहेत आणि नवा बोजा आला तर ते तोडणी यंत्रांकडे वळतील, असे ते सांगतात. यंत्रे येतच आहेत. मजूर महाग झाले म्हणून नव्हे तर मिळेनासे झाले म्हणून. लहान तुकड्यांच्या आणि चिखलाच्या शेतात मात्र कोयता आणखी बराच काळ लागणार आहे. मुकादमांचे गाऱ्हाणेही खोटे नाही: एकाच जोडप्याने दोन-तीन ठिकाणी उचल घेतली आणि ते भलतीकडेच गेले, यात लाखो रुपये बुडालेले मुकादम गावोगाव भेटतात. पण हे गाऱ्हाणे मंडळाच्या बाजूचाच पुरावा आहे. सगळ्या उचली एका मंडळात नोंदवल्या गेल्या, बाईच्या आणि पुरुषाच्या स्वतंत्र खात्यांत दिल्या गेल्या आणि फेडीचा हिशेब तिथेच राहिला, तर मुकादमाची फसवणूक थांबेल आणि मुकादमाकडून होणारी फसवणूकही.

आणखी एक आक्षेप शहरांकडून येतो: बाहेरून येणाऱ्याला सोयी दिल्या की लोंढे वाढतील आणि भूमिपुत्रांचे काय? हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना राखण्याचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचा भाग बाजूला ठेवला तरी, या आक्षेपातले अर्थशास्त्र उलटे आहे. स्थानिक मजुराची मजुरी खाली ओढली जाते ती बाहेरचा मजूर येतो म्हणून नव्हे, तर तो कमी मजुरीत आणि कसल्याही हक्काविना राबवता येतो म्हणून. दोघांनाही एकाच दराने, एकाच मंडळामार्फत मजुरी द्यावी लागली तर बाहेरून माणूस आणण्यात ठेकेदाराला विशेष फायदा उरत नाही. परप्रांतीयांच्या नावाने आंदोलन करणाऱ्या पक्षांनी माथाडी कायद्याची काटेकोर अंमलबजावणी मागितल्याचे आठवत नाही. केरळने याबाबत अधिक शहाणपण दाखवले. तिथे २०१० मध्येच परराज्यांतल्या कामगारांसाठी कल्याण योजना सुरू झाली आणि पुढे आरोग्य विमाही आला. आपलेच लोक आखातात जाऊन राबतात, याची जाणीव असलेल्या समाजाला परक्या मजुराकडे थोडे वेगळे पाहता येते. ती योजनाही अखेर नोंदणीवरच उभी आहे, हा तिचा कच्चा दुवा.

हे सगळे आजवर का झाले नाही, याचे राजकीय कारण मतदार यादीत आहे. ऊसतोड कामगाराचे मत गावच्या यादीत असते आणि त्याचे सहा महिने दुसऱ्या आमदाराच्या मतदारसंघात जातात. जिथे तो राबतो तिथल्या पुढाऱ्याला त्याची गरज मजूर म्हणून असते, मतदार म्हणून नसते. गावाकडच्या पुढाऱ्याला मत हवे असते, पण फडातली परिस्थिती बदलण्याची सत्ता त्याच्याकडे नसते, किंवा असली तर तिचे हितसंबंध कारखान्याशी बांधलेले असतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला आली, नेमकी टोळ्या बाहेर पडण्याच्या काळात, तेव्हा चर्चा झाली ती टोळ्या मतदानासाठी थांबवायच्या कशा, याची. दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस मांडला होता. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि तो बाजूला पडला. शंका गैर नव्हत्या, पण विषय तिथेच सोडून देणे सर्वांच्याच सोयीचे ठरले.

म्हणून नवा मोठा कायदा होईल आणि मग सुरुवात करू, असे म्हणत बसण्यात अर्थ नाही. पुण्यातल्या साखर आयुक्तालयाकडून दरवर्षी हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्याला गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाची ठरवून दिलेली रास्त व किफायतशीर किंमत, थकवली तर हा परवाना अडवता येतो, आणि या धाकामुळेच अनेक कारखान्यांनी शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले आहेत. त्याच परवान्याला आणखी दोन अटी जोडता येतील: टोळीनिहाय कामगारांची, स्त्रियांच्या स्वतंत्र नावांसह, यादी गाळप सुरू होण्याआधी महामंडळाकडे द्यावी, आणि तोडणीची मजुरी महामंडळाच्या खात्यातून थेट त्या नावांच्या खात्यांत जावी. यादी दिली की गाळपाच्या टनावरून कामगारांची संख्या ताडून पाहता येते, ज्या गावात टोळी उतरली तिथल्या अंगणवाडीला आणि आरोग्य केंद्राला आगाऊ कळवता येते, आणि विम्याचा दावा करताना अपघाती मेलेला माणूस तोडणी कामगार होता की नाही, यावर तालुक्याच्या कचेरीत वाद घालावा लागत नाही. शेतकऱ्यासाठी जे शस्त्र उपसले जाते ते तोडणी कामगारासाठी का उपसले जात नाही, याचे उत्तर मंत्री समितीने येत्या हंगामाचे धोरण ठरवताना द्यावे.